इंग्रजी प्रार्थनाग्रंथांतील राजदिन

१. विषयप्रवेश

ख्रिस्ती उपासनेंत राष्ट्रोत्सवास स्थान असावें कीं नसावें, हा प्रश्न आज अनेक देशांत चर्चिला जात आहे. कोठें वेदीशेजारीं राष्ट्रध्वज उभा करितात, कोठें राष्ट्रदिनाच्या लगतच्या रविवारीं स्तोत्रांबरोबर राष्ट्रगीतें गातात. आणि त्याच मंडळींतील कांहीं भाविकांस देवापुढें दुसरें दैवत मांडल्यासारखें वाटतें. या वादांत शास्त्रार्थ सांगण्याचा अधिकार आमचा नाहीं. तो ज्या त्या मंडळीनें सांगावा. परंतु हा प्रश्न नवा नाहीं, आणि त्याचा एक दीर्घ प्रयोग इतिहासांत होऊन गेला आहे. इंग्लंडच्या राजमान्य मंडळीनें १६०६ पासून १८५९ पर्यंत, म्हणजे अडीचशेंहून अधिक वर्षें, आपल्या देशांतील राजकीय घडामोडींचे वार्षिक दिन कायद्यानें व राजाज्ञेनें देवळांत पाळले, आणि अखेर बंद केले. ते कां सुरू झाले, त्यांनीं उपासनेचें काय केलें व ते कां काढावे लागले, एवढेंच प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

हा विषय आमच्या वाचकांस अगदींच परका नाहीं. ज्या चार्ल्स दुसऱ्यास १६६१ च्या विवाहतहानें पोर्तुगालकडून मुंबई बेट आंदण मिळालें, व ज्यानें तें १६६८ सालीं वार्षिक दहा पौंड खंडानें कंपनीच्या हवालीं केलें, त्याच राजाच्या आज्ञेनें हे दिन प्रार्थनाग्रंथास जोडले गेले. मुंबईच्या किल्ल्यांतील सेंट टॉमसचें देऊळ १७१८ च्या नाताळांत उघडलें. तेथें जो ग्रंथ वाचला जाई तो हाच. शिवाय जुन्या पुस्तकांच्या बाजारांत या ग्रंथाच्या प्रती अधूनमधून हातीं येतात, आणि मुखपृष्ठ गळालेल्या प्रतीचा काळ कसा ठरवावा याची किल्ली या राजदिनांतच आहे. तिचा विचार पुढें सातव्या कलमांत केला आहे.

२. राजासाठीं प्रार्थना : नित्य कर्म

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं कर्माचे नित्य, नैमित्तिक व काम्य असे भेद केले आहेत. संध्यावंदन नित्य; ग्रहणाचें स्नान नैमित्तिक. निमित्त असेल तेव्हां नैमित्तिक कर्म केलेंच पाहिजे. पण निमित्त सरलें कीं तेंहि सरतें, हा न्याय वैयाकरणांनींहि आपल्या शास्त्रांत स्वीकारला आहे. हा भेद परक्या धर्माच्या विचारांत आणण्याचें कारण इतकेंच, कीं प्रस्तुत वादांत ज्या दोन गोष्टींची सरमिसळ होते त्या यानें स्वच्छ निराळ्या होतात.

राज्यकर्त्यासाठीं प्रार्थना करणें हें ख्रिस्ती उपासनेंत आरंभापासून नित्य आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत राजे व सर्व अधिकारी यांच्यासाठीं विनंत्या कराव्या असें सांगितलें आहे. त्याच्याहि पूर्वीं यिर्मया संदेष्ट्यानें बाबेलास धरून नेलेल्या यहूद्यांस, ज्या नगरांत तुम्ही बंदिवान आहां त्याच्याच कल्याणासाठीं देवाजवळ मागा, असें लिहून पाठविलें. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ज्या राजासाठीं प्रार्थना सांगितली तो राजा स्वधर्माचा नाहीं, स्वदेशाचा नाहीं, कित्येकदां शत्रूच आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या शेवटीं कार्थेजचा टर्टुलियन यानें रोमच्या अधिकाऱ्यांस उद्देशून जें समर्थन लिहिलें, त्यांत त्यानें हीच मर्यादा आंखली आहे : आम्ही बादशहासाठीं देवाजवळ मागतों, पण बादशहास देव मानून त्याच्यापुढें धूप जाळीत नाहीं. ‘साठीं’ आणि ‘पुढें’ या दोन शब्दांतील अंतर हाच या विषयाचा पाया होय.

इंग्लंडांत देशभाषेंतील पहिली अधिकृत उपासना निघाली ती मात्र युद्धाच्या निमित्तानें. १५४४ सालीं आठवा हेन्री फ्रान्सवर स्वारीस निघाला, तेव्हां देशभर मिरवणुकीनें म्हणावयाची विनंतीमाला आर्चबिशप क्रॅन्मर यानें इंग्रजींत रचली. तींत राजासाठीं मागणें होतें तसेंच रोमच्या बिशपाच्या जुलमापासून सोडवणूक व्हावी असेंहि एक मागणें होतें. हें कलम १५४९ व १५५२ च्या प्रार्थनाग्रंथांत राहिलें व १५५९ मध्यें एलिझाबेथच्या कारकीर्दींत गाळलें गेलें. राजासाठीं असलेलें मागणें मात्र टिकलें. शत्रूचें नांव ग्रंथांतून जातें व राज्यकर्त्याचें स्थान राहतें, हा क्रम पुढें पुन्हां पुन्हां दिसेल.

३. तीन दिनांची उत्पत्ति

५ नोव्हेंबर १६०५ रोजीं पार्लमेंटाच्या सभागृहाखालीं सांठविलेली दारू सांपडली व राजासह सर्व सभा उडवून देण्याचा कांहीं कॅथलिक गृहस्थांचा कट फसला. पुढच्या जानेवारींत पार्लमेंटानें कायदा केला कीं, दरसाल या तिथीस सर्व प्रजेनें देवळांत हजर राहावें, ईश्वराचे आभार मानावे, व पाळकानें हा कायदाच उपासनेच्या वेळीं जाहीर वाचून दाखवावा. सरकारी कायदा हा उपासनेच्या वाचनाचा भाग झाला, ही गोष्ट साधी नव्हे. जुन्या इंग्रजी गणनेंत वर्ष २५ मार्चला पालटे. म्हणून या कायद्याचें साल जुन्या कागदांत १६०५ असेंच आढळतें. कागदांवर काम करणाऱ्यानें हा फरक नेहमीं ध्यानांत ठेवावा.

दुसरा दिन ३० जानेवारी. १६४९ सालीं (जुन्या गणनेनें १६४८) या दिवशीं पार्लमेंटाच्या पक्षानें चार्ल्स पहिला यास व्हाइटहॉलपुढें शिरच्छेद करून मारिलें. तिसरा दिन २९ मे. १६६० सालीं या दिवशीं चार्ल्स दुसरा लंडनांत परत आला. तोच त्याचा जन्मदिवसहि होता. पहिला आभाराचा, दुसरा उपवास व प्रायश्चित्ताचा, तिसरा पुन्हां आभाराचा. आयर्लंडांत १६४१ च्या बंडाचा स्मरणदिन म्हणून २३ ऑक्टोबर हा चौथा दिन पाळीत.

१६६२ सालीं प्रार्थनाग्रंथाची नवी आवृत्ति सिद्ध झाली व एकरूपतेच्या कायद्यानें ती सर्व देशास सक्तीची केली गेली. ती ज्यांस मान्य झाली नाहीं असे सुमारें दोन हजार पाळक त्या कालखंडांत आपल्या जागांस मुकले. येथें हस्तलिखितांच्या अभ्यासकांस रुचेल असा एक बारकावा आहे. पार्लमेंटानें ज्या ग्रंथास कायद्याचें बळ दिलें तो एक हस्तलिखित ग्रंथ होता व तो कायद्याच्या पटास जोडलेला होता. पुढें तो सुटून नजरेआड झाला व १८६७ सालीं पुन्हां सांपडला. १८९१ मध्यें त्याची छायामुद्रित प्रत प्रसिद्ध झाली. वरील तीन दिनांच्या उपासनांस या कायद्याचें बळ नव्हतें. धर्मसभेनें त्या तयार केल्या आणि २ मे १६६२ च्या राजाज्ञापत्रानें त्या छापील ग्रंथाच्या शेवटीं जोडाव्या असें ठरलें. नवा राजा गादीवर आला कीं असें आज्ञापत्र पुन्हां निघे. आमच्या परिभाषेंत बोलावयाचें तर मूळ संहितेस राजमुद्रेनें चिकटविलेलें हें परिशिष्ट होतें. पण एकाच बांधणींत, एकाच टायपांत व एकाच सुरांत वाचलें जात असल्यामुळें सामान्य भाविकास मूळ कोणतें व जोड कोणती हें कळण्यास मार्ग नव्हता. पोथीच्या समासांतील टीप पुढच्या लेखनिकाच्या हातून संहितेंत शिरते, हा अनुभव आमच्या वाचकांस आहेच. येथें तें काम लेखनिकाच्या अनवधानानें झालें नाहीं. राजाच्या हुकुमानें झालें.

या जोडीचा परिणाम कसा होई याचें एक उदाहरण पुरे. ३० जानेवारीच्या उपासनेंत मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायाचें वाचन असे. त्यांत येशू ख्रिस्ताची चौकशी व वधस्तंभावरील मरण यांची हकीकत आहे. हा अध्याय त्या तारखेस नेहमींच्या वाचनक्रमांतहि येत होता, व शिरच्छेदाच्या दिवशीं सकाळीं चार्ल्सनें तोच ऐकला अशी हकीकत प्रसिद्ध आहे. परंतु राजाच्या मृत्यूच्या खास उपासनेंत तो ठेवल्यावर त्याचा अर्थ पालटला. ऐकणाऱ्यास ख्रिस्ताच्या जागीं राजा व यहूदी पुढाऱ्यांच्या जागीं पार्लमेंटाचे लोक दिसूं लागले. वाचन एकाचें व स्मरण दुसऱ्याचें, असा हा प्रकार होता.

४. १६८८ : एकाच ग्रंथांत दोन साक्षी

चार्ल्सच्या मागून त्याचा भाऊ जेम्स दुसरा गादीवर आला. तो कॅथलिक होता. १६८८ च्या वसंतांत त्यानें सर्व पंथांस मोकळीक देणारा जाहीरनामा काढिला व तो देवळांत उपासनेच्या वेळीं लागोपाठ दोन रविवारीं वाचावा असा हुकूम केला. आर्चबिशप विल्यम सॅन्क्रॉफ्ट व सहा बिशप यांनीं, हें वाचन करविण्यास आम्ही असमर्थ आहों, असा अर्ज राजास केला. राजानें त्यांस लंडनच्या टॉवरांत टाकून त्यांच्यावर खटला भरिला. ज्यूरीनें ३० जून रोजीं सातांनाहि निर्दोष ठरविलें.

त्याच वर्षीं ५ नोव्हेंबर रोजीं ऑरेंजचा विल्यम टॉर्बेच्या किनाऱ्यावर फौजेसह उतरला. जेम्स पळाला व विल्यम राजा झाला. दारूच्या कटाची तिथि व विल्यमच्या आगमनाची तिथि एकच पडल्यामुळें लगोलग ५ नोव्हेंबरच्या उपासनेंत विल्यमच्या आगमनाबद्दल आभाराचीं वाक्यें घातलीं गेलीं. यामुळें ग्रंथांत एक विलक्षण विसंगति निर्माण झाली. जानेवारीच्या अखेरीस देवळांत सांगावयाचें कीं, अभिषिक्त राजाविरुद्ध उठणें हें घोर पाप. आणि नोव्हेंबरांत त्याच देवळांत, त्याच पुस्तकांतून, गादीवरील राजास घालवून देणाऱ्या घटनेबद्दल ईश्वराचे आभार मानावयाचे. दोन्ही उपासना दीडशेंहून अधिक वर्षें एका बांधणींत सुखानें नांदल्या. एकाच दप्तरांत परस्परविरुद्ध दोन करीने सांपडले तर आम्ही निदान एक तरी संशयित मानतों. येथें दोहोंवरहि देवाची साक्ष घातलेली होती.

या विसंगतीची किंमत माणसांस भोगावी लागली. ज्यानें जेम्सचा जाहीरनामा वाचविण्यास नकार दिला तोच सॅन्क्रॉफ्ट, जेम्सला दिलेली शपथ मोडून विल्यमची शपथ घेईना. त्याच्यासारखे आणखी कांहीं बिशप व सुमारें चारशें पाळक होते. टॉवरांत गेलेल्या सातांपैकीं पांच या वर्गांत होते. १६९० सालीं सॅन्क्रॉफ्टचें पद काढून घेतलें. हा मनुष्य कोण होता? १६६१ च्या संशोधनांत बिशप कॉझिन याच्या हाताखालीं ज्यानें प्रार्थनाग्रंथाच्या एका छापील प्रतीवर दुरुस्त्या लिहिल्या तो. ती प्रत डरॅम येथें असून तींत कॉझिन व सॅन्क्रॉफ्ट या दोघांचीं अक्षरें आहेत. ज्या हातानें ग्रंथ शुद्ध केला त्या हातास तो ग्रंथ वेदीपाशीं धरण्याची मनाई झाली. कारण एका राजाच्या जागीं दुसऱ्याचें नांव घेणें त्याच्या मनास पटलें नाहीं. या मंडळींस ‘शपथ न घेणारे’ असें म्हणतात. नव्या राजाचें नांव ज्या प्रार्थनेंत असे तिला त्यांच्यांतील कडवे लोक आमेन म्हणत नसत. नित्य कर्मांतहि नांवाचा आग्रह शिरला कीं केवढा पेंच पडतो, हें यावरून दिसतें.

५. व्यासपीठावरचें राजकारण

राजदिन म्हटला कीं प्रवचन आलें, आणि प्रवचन आलें कीं पक्ष आला. ५ नोव्हेंबर १७०९ रोजीं लंडनच्या सेंट पॉल देवळांत हेन्री सॅशेव्हरेल यानें त्या दिनाचें प्रवचन करतांना कॅथलिकांस बाजूस ठेवून स्वपक्षांतील ‘खोट्या बंधूंवर’ झोड उठविली व १६८८ च्या क्रांतीच्या समर्थनाचा पायाच उखडला. पार्लमेंटानें त्याच्यावर महाभियोग चालविला. तीन वर्षें प्रवचनबंदी व प्रवचनाची होळी एवढीच शिक्षा झाली. पण लंडनांत दंगे उसळले व त्याच वर्षाच्या, म्हणजे १७१० च्या निवडणुकींत सत्ताधारी व्हिग पक्षाचा मोड झाला. आभाराच्या उपासनेनें मंत्रिमंडळ खालीं ओढण्यास हात लावला.

दुसरा प्रसंग हास्यास्पद आहे. ३० जानेवारी १७७२ रोजीं टॉमस नॉवेल यानें सेंट मार्गारेटच्या देवळांत कॉमन्स सभेपुढें चार्ल्सच्या स्मरणाचें प्रवचन केलें. हजर असलेले सभासद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. सभेनें रिवाजाप्रमाणें त्याचे आभार मानिले व प्रवचन छापण्याची विनंती केली. तें छापून आल्यावर सभासदांनीं वाचलें, आणि त्यांतील राजसत्तेचा स्तव पाहून पुढच्याच महिन्यांत आभाराचा ठराव आपल्या दप्तरांतून खोडून टाकिला. तो दिनच बंद करावा अशी सूचना फ्रेडरिक मॉंटेग्यू यानें त्याच वर्षीं आणली. ती फेटाळली गेली. उपासनेस जावयाचें नाहीं, पण उपासना काढावयाचीहि नाहीं, अशी ही अवस्था होती. सक्तीच्या भक्तीचा शेवट बहुधा असाच होतो.

तिसरा प्रसंग विचारांच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. ४ नोव्हेंबर १७८९ रोजीं रिचर्ड प्राइस यानें लंडनांतील ओल्ड ज्यूरीच्या सभागृहांत १६८८ च्या क्रांतीच्या स्मरणार्थ स्वदेशप्रीतीवर प्रवचन केलें. प्राइस राजमान्य मंडळीबाहेरचा होता. स्वदेशावर प्रेम करावें, पण स्वदेश इतरांहून श्रेष्ठ आहे असें त्यावरून मानूं नये, ही त्याची भूमिका. तिच्याच ओघांत त्यानें फ्रान्सच्या क्रांतीचेंहि अभिनंदन केलें. एडमंड बर्क यानें १७९० च्या आपल्या ग्रंथांत त्याच्यावर शस्त्र धरिलें व देवळांत राजकारणाचा आवाज ऐकूं येऊं नये असें बजाविलें. बर्कचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. परंतु तो ज्या मंडळीचा होता तिच्या ग्रंथांत तीन राजदिन बांधलेले होते व तेथें तो आवाज वर्षांतून तीनदां कायद्यानेंच निघत होता, हेंहि त्याबरोबर नमूद केलें पाहिजे. आपल्या पक्षाचें राजकारण कानास सवयीनें धर्मासारखें लागतें. दुसऱ्याचें तेवढें राजकारण म्हणून ओळखूं येतें.

६. अमेरिका : खोडलेली ओळ

अमेरिकेंतील इंग्रजी वसाहतींत हाच ग्रंथ चाले. ४ जुलै १७७६ रोजीं फिलाडेल्फिया येथें स्वातंत्र्याचा ठराव झाला. त्याच दिवशीं तेथील क्राइस्ट चर्च या देवळाच्या पंचांनीं पाळक जेकब दुशे याच्या घरीं बसून राजाविषयींच्या प्रार्थना गाळाव्या असें ठरविलें. राजाच्या नांवावर शाईची रेघ ओढलेली ती प्रत त्या देवळानें जपून ठेविली आहे. आमच्याकडील लेखनिक चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासतात; तेथें चूक नव्हती, राज्य बदललें होतें. पुढची हकीकत मनोरंजक आहे. रेघ ओढणाऱ्या दुशेनें पुढच्याच वर्षीं स्वातंत्र्याचा ठराव मागें घेण्याविषयीं वॉशिंग्टनास पत्र लिहिलें व तो इंग्लंडास निघून गेला. शाई वाळली, मन वाळलें नव्हतें.

उलट पक्षीं न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी देवळांत चार्ल्स इंग्लिस यानें वॉशिंग्टनच्या फौजा शहरांत असतां राजासाठीं प्रार्थना चालूच ठेविली. शिपाई देवळांत शिरले तरी तो थांबला नाहीं. अखेर त्यानें देऊळ बंद केलें. आपण दीक्षेच्या वेळीं घेतलेली शपथ मोडूं शकत नाहीं, असें त्याच्यासारख्या अनेकांचें म्हणणें होतें. दोन्ही बाजूंस प्रामाणिक माणसें होतीं. आणि दोन्ही बाजूंचा छळ एका वाक्यावरून झाला.

युद्ध संपल्यावर तेथील मंडळीनें १७८६ सालीं जो प्रस्तावित प्रार्थनाग्रंथ छापला त्यांत ४ जुलैची आभाराची उपासना घातली होती. तिला विरोध केला तो विल्यम व्हाइट यानें. हा स्वातंत्र्याचा विरोधी नव्हता. दुशेच्या मागून क्राइस्ट चर्चचा पाळक झालेला व स्वातंत्र्यपक्षास मनापासून मिळालेला मनुष्य होता. त्याचा मुद्दा असा कीं, आपल्या पाळकांपैकीं पुष्कळांनीं या क्रांतीस अनुमोदन दिलें नव्हतें. त्यांच्या तोंडून दरसाल तिच्याबद्दल आभार वदविणें म्हणजे त्यांस एक तर ढोंग करावयास लावणें किंवा बाहेर काढणें होय. १७८९ च्या ग्रंथांतून ती उपासना गाळली गेली. १९२८ च्या ग्रंथांत स्वातंत्र्यदिनासाठीं प्रार्थना व वाचनें पुन्हां आलीं. तोंपर्यंत ज्यांच्या मनास ती टोंचली असती असे कोणी उरले नव्हते. विजयी पक्षाच्या माणसानें पराभूतांच्या मनाकडे पाहून स्वतःच्या विजयाचा उत्सव वेदीवरून दूर ठेवला, हें या साऱ्या इतिहासांतील आम्हांस सर्वांत आदरणीय उदाहरण वाटतें.

७. १८५९ : तीन दिन गेले

इंग्लंडांत १८२९ च्या कायद्यानें कॅथलिकांस पार्लमेंटांत बसण्याची मोकळीक मिळाली. ज्या सभेंत कॅथलिक बसत तिनेंच कॅथलिकांच्या कटाबद्दल दरसाल देवळांत कडक शब्द वाचवावे, ही स्थिति लाजिरवाणी होती. १८५८ सालीं लॉर्ड स्टॅनहोप यानें उमरावांच्या सभेंत हे दिन काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडिला. हा गृहस्थ स्वतः इतिहासकार होता व जुन्या कागदपत्रांच्या जतनाचा कैवारी होता. राजदिन काढण्यास इतिहासाचा भक्तच पुढें आला, यांत आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं. घटनेचें स्मरण दप्तरांत ठेवावें, तिचा निवाडा वेदीवर देऊं नये, हें ज्यानें दप्तरें पाहिलीं त्यासच अधिक कळतें. १७ जानेवारी १८५९ च्या राणीच्या आज्ञापत्रानें तिन्ही उपासना बंद झाल्या व मार्चांत पार्लमेंटानें त्यांचे कायदे रद्द केले. राज्यारोहणदिनाची उपासना मात्र ठेविली. ती आजहि त्या ग्रंथास जोडलेली आहे.

परंतु याच वर्षाचें दुसरें पान उलटलें म्हणजे महाराष्ट्रीय वाचकास थांबावें लागतें. १८५७ च्या उठावाच्या वेळीं ७ ऑक्टोबर १८५७ हा दिवस इंग्लंडांत उपवास व नम्रतेचा म्हणून राजाज्ञेनें पाळला गेला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसांत स्पर्जन याचें प्रवचन ऐकण्यास तेवीस हजारांहून अधिक लोक जमले होते. उठाव मोडल्यावर १ मे १८५९, रविवार, या दिवशीं हिंदुस्थानांतील यशाबद्दल आभाराची खास उपासना देवळांतून वाचली गेली. इंग्रज सरकारानें तात्या टोपे यांस शिप्री येथें १८ एप्रिल १८५९ रोजीं फांशी दिलें. त्यानंतर तेरा दिवसांनीं हे आभार मानिले गेले. जुनीं तीन वैरें ग्रंथांतून खोडल्याला पुरते सहा आठवडे झाले नव्हते, तोंच चौथ्याचें वाचन वेदीवरून झालें. त्याच मंडळीच्या उपासनेस बसणाऱ्या कोणा मराठी ख्रिस्ती मनुष्यानें तें वाचन ऐकलें असतें, तर त्यानें आमेन म्हणावें कीं नाहीं? या प्रश्नाचें उत्तर देशभक्तीनें द्यावयाचें नाहीं. त्याच्या धर्मानेंच द्यावयाचें आहे. त्या धर्मांत इंग्रज व हिंदी एकाच देवाचीं लेंकरें आहेत.

येथें एक फरक नमूद करणें न्याय्य होईल. १ मेची उपासना एकदांच झाली. ती वार्षिक झाली नाहीं. नैमित्तिक कर्म निमित्ताबरोबर संपलें. त्यामुळें ती आज केवळ छापील पत्रकांच्या रूपानें संग्राहकांच्या हातीं उरली आहे. तीन राजदिनांचा दोष असा कीं त्यांनीं नैमित्तिकास नित्य केलें.

आतां संग्राहकांसाठीं प्रतीच्या कालनिर्णयाविषयीं. मुखपृष्ठ नसलेल्या प्रतींत तिन्ही राजदिन असतील तर ती १६६२ ते १८५९ यांमधील समजावी. ५ नोव्हेंबरच्या उपासनेंत विल्यमच्या आगमनाचा उल्लेख असेल तर ती १६८९ पूर्वींची नव्हे. राजकुलाच्या प्रार्थनेंत राणी ॲन हिच्याबरोबर राजकन्या सोफिया हिचें नांव असेल तर ती १७०२ ते १७१४ मधील होय. राज्यारोहणदिनाची तारीख पाहिल्यास राजाचा निश्चय लागतो : ८ मार्च असेल तर ॲन, १ ऑगस्ट असेल तर जॉर्ज पहिला, २५ ऑक्टोबर तिसरा जॉर्ज, २९ जानेवारी चौथा जॉर्ज, २६ जून चौथा विल्यम, २० जून व्हिक्टोरिया, २२ जानेवारी सातवा एडवर्ड, ६ मे पांचवा जॉर्ज, ११ डिसेंबर सहावा जॉर्ज. ६ फेब्रुवारी ही तारीख जेम्स दुसरा व एलिझाबेथ दुसरी या दोघांचीहि आहे; तेथें कागद व टाइप पाहूनच निर्णय करावा. नांवांवर हातानें केलेले फेरफार आढळल्यास ते पुसण्याचा मोह कोणीं धरूं नये. तीच त्या प्रतीची बखर होय.

८. पूर्वपक्ष व उत्तर

राष्ट्रदिन उपासनेंत असावे असें म्हणणाऱ्यांचा पक्ष दुबळा नाहीं. ते म्हणतात, ख्रिस्ती धर्मच घटनांच्या स्मरणावर उभा आहे. नाताळ व पुनरुत्थानाचा सण हीं घटनांचींच स्मरणें. मग देशावरचें संकट टळलें तर त्याबद्दल आभार कां मानूं नयेत? मनुष्य देवळांत शिरतांना आपला देश दाराशीं काढून ठेवीत नाहीं. आणि ज्या प्रार्थनेंत शेजाऱ्याचें सुखदुःख नाहीं ती कोरडी.

यास उत्तर असें कीं, नाताळच्या स्मरणांत उपासकांपैकीं कोणीहि पराभूत नसतो. राजदिनांत एक पक्ष जिंकलेला व एक हरलेला असतो, आणि हरलेल्यांचीं मुलेंहि त्याच बांकावर बसलेलीं असतात. देशाचें दुःख देवापुढें नेणें वेगळें व देशाच्या वादाचा निकाल देवाच्या तोंडीं घालणें वेगळें. लंडनच्या सेंट पॉल देवळांतच २६ जुलै १९८२ रोजीं फॉकलंडच्या युद्धानंतर उपासना झाली, तेव्हां आर्चबिशप रॉबर्ट रन्सी यानें आपल्या मृतांबरोबर अर्जेंटिनाच्या मृतांचेंहि व त्यांच्या आप्तांच्या शोकाचें स्मरण केलें. हा मनुष्य दुसऱ्या महायुद्धांत रणगाड्यांवर लढून शौर्यपदक मिळविलेला होता. त्यास भ्याड म्हणण्याची सोय नव्हती. तरी विजयाचा सूर कमी पडला म्हणून सत्ताधाऱ्यांच्या वर्तुळांत नाराजी झाली. ज्या देवळांत सॅशेव्हरेलनें झोड उठविली तेथेंच २७३ वर्षांनीं हें घडलें. दोन्ही उपासना राष्ट्रीयच होत्या. पहिलींत शत्रूस देवापुढें आरोपी म्हणून उभें केलें. दुसरींत त्यासहि शोक करणारा मनुष्य म्हणून जागा दिली.

स्मरण सक्तीवांचून टिकतें हेंहि दिसून आलें आहे. ३० जानेवारी हा चार्ल्सचा दिन इंग्लंडच्या मंडळीच्या आजच्या पंचांगांत लहान स्मरणदिन म्हणून पुन्हां आहे. ज्यास पाळावयाचा तो पाळतो. आणि राज्य बदललें म्हणून नित्य प्रार्थना मरत नाहीं याचें उदाहरण आमच्याच देशांत आहे. येथील अँग्लिकन मंडळी १ मार्च १९३० रोजीं इंग्लंडच्या मंडळीपासून कायद्यानें स्वतंत्र झाली. २६ जानेवारी १९५० रोजीं हिंदुस्थान प्रजासत्ताक झालें व राजाचें नांव घेण्याचें कारणच उरलें नाहीं. आणि १९७० सालीं नागपुरास उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी स्थापन झाली. राज्यकर्त्यांसाठीं विनंती करण्याचा पौलाच्या काळचा विधि या सर्व स्थित्यंतरांतून अबाधित राहिला. तो कोणत्याहि एका राज्याचा नव्हता म्हणूनच राहिला.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून आमचे निष्कर्ष असे. पहिला : राज्यकर्ते व देश यांच्यासाठीं प्रार्थना हें ख्रिस्ती उपासनेचें प्राचीन व नित्य अंग आहे, तें काढून टाकण्यास इतिहासाचा आधार नाहीं. दुसरा : विशिष्ट संकटाच्या किंवा सुटकेच्या वेळची उपासना नैमित्तिक आहे, ती करावी, पण निमित्ताबरोबर संपूं द्यावी. तिसरा : राजकीय विजयाचें वार्षिक स्मरण राजाज्ञेनें उपासनेंत घातलें म्हणजे तें प्रक्षिप्त होय, त्यानें उपासनेचा अर्थ पालटतो, प्रामाणिक माणसांस बाहेर जावें लागतें, आणि दोनशें वर्षांनीं त्याच मंडळीस तें लाजून काढावें लागतें. चौथा : एखादी राष्ट्रीय उपासना कोणत्या वर्गांत पडते हें ओळखण्यास एक कसोटी पुरे. पराभूत पक्षाचा भाविक शेजारीं उभा राहून तिला मनापासून आमेन म्हणूं शकेल काय? म्हणूं शकेल तर ती प्रार्थना. नाहीं तर ती जाहीरनामा, आणि जाहीरनाम्याची जागा दप्तरांत.

ज्यांच्या संग्रहीं १८५९ पूर्वींच्या प्रती असतील त्यांनीं शेवटचीं पानें एकवार उलगडून पाहावीं. बहुतेक प्रतींत प्रार्थनेचीं नित्य पानें हातानें मळलेलीं व झिजलेलीं दिसतात. राजदिनांचीं पानेंहि तितकींच झिजलेलीं आहेत कीं कोरीं राहिलीं आहेत, याची नोंद प्रत्येक प्रतीपुरती करून ठेवल्यास या विषयाच्या पुढील अभ्यासास तिचा उपयोग होईल.